पेशीचा शिधा

1957 साली दिल्लीस भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे याचा एक हिशेब घालून दिला. एका कमावत्या माणसामागे खाणारी तोंडे प्रौढांच्या मापाने तीन धरावीत, डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे दर तोंडी रोज 2700 उष्मांक धरावेत, चौघांच्या कुटुंबास वर्षाकाठी 72 वार कापड धरावे, घरभाडे धरावे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा धरावा. आम्हा कामगार संघटनेतल्या माणसांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. परंतु पाठ असलेल्या आकड्याकडे माणूस फारसे निरखून पाहत नाही. 2700 उष्मांकांत माणूस काम करू शकतो, की नुसता जगतो, की केवळ मरत नाही, हे तीन प्रश्न निराळे आहेत. आणि ‘किमान’ म्हणताना यांतला कोणता प्रश्न आपण सोडवीत आहो, हे सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ येत नाही.

हाच प्रश्न, नेमका त्याच दशकात, एका निराळ्या जिवासंबंधी विचारला जात होता. तो जीव म्हणजे काचेच्या बाटलीत वाढविलेली प्राण्याची पेशी. आज कर्करोगावर, संधिवातावर, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जी प्रतिपिंडांची औषधे मिळतात, ती अशा पेशी पोलादी टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून करवून घेतलेली असतात. त्यांना खाऊ काय घालावे, किती घालावे आणि केव्हा घालावे, याचा शोध सुमारे एकशेचाळीस वर्षे चालू आहे, आणि आता त्यात संगणक येऊन बसला आहे. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. औषधी कारखान्यांतील कामगारांत हिंडताना ‘मीडिया’ची खोली पाहिली, तोंडाला फडके बांधून पांढऱ्या भुकट्या तोलणारी माणसे पाहिली, आणि ही भुकटी कोणाच्या पोटात जाते हे विचारता विचारता वाचन वाढत गेले, इतकाच माझा अधिकार.

शरीरात परका जंतू किंवा विष शिरले की रक्तातील काही पेशी त्याला नेमके चिकटणारे एक प्रथिन तयार करतात; ते प्रतिपिंड. 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखविले की एका प्राण्याच्या रक्तातले हे संरक्षण दुसऱ्याला टोचून देता येते. तेव्हापासून घोडा हा प्रतिपिंडांचा कारखाना झाला. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पदंशावरील सीरमशी जोडले गेले ते घोड्यांच्याच जोरावर. (शिध्याचा प्रश्नही मुंबईला नवा नाही. 1896-97 च्या प्लेगात खुद्द हाफकिन साहेबांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढविले, आणि ते नीट लोंबत वाढावेत म्हणून वर चक्क तुपाचे थेंब सोडले.) परंतु घोड्याच्या रक्तात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची खिचडी असते. एकच प्रतिपिंड, शुद्ध आणि दर वेळी तेच, हवे असेल तर ते बनविणारी पेशी शरीराबाहेर जगवावी लागते. आणि शरीराबाहेर तिला भरवणारे कोणी नसते.

या हकीकतीची सुरुवात नळाच्या पाण्याने होते. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर 1882 च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत. हृदय बराच वेळ धडधडत राही. पुढे तेच द्रावण ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेल्या पाण्यात बनविले, तर हृदय थांबू लागले. चौकशी करता कळले की आधीचे द्रावण शुद्ध पाण्यातले नव्हतेच. लंडनला पाणी पुरविणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे पाणी त्यात वापरले गेले होते. त्या पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमवर हृदय चालत होते. रिंगरने 1883 साली हे सारे उघडपणे छापले, हा त्याचा मोठेपणा. यादीत न लिहिलेली एक वस्तू शिध्यात होती, आणि सगळा खेळ तिच्यावर होता. ही न लिहिलेली वस्तू आपल्याला पुढेही भेटत राहणार आहे.

1907 साली हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बेडकाच्या गर्भातील मज्जातंतू लसिकेच्या गोठलेल्या थेंबात वाढताना पाहिला. त्यानंतर गाजले ते न्यूयॉर्कचे अलेक्सिस कॅरेल. 1912 साली त्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा बाटलीत ठेवला, आणि ती पेशींची वंशावळ 1946 पर्यंत, म्हणजे कॅरेल वारल्यावरही दोन वर्षे, चालू राहिली. पेशी अमर आहे अशी जगभर द्वाही फिरली. पुढे 1961 साली हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखविले की माणसाची साधी, निरोगी पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगते आणि थांबते. मग कॅरेलची कोंबडी अमर कशी? अनेकांचे मत असे की शिधा म्हणून जो गर्भाचा रस वरचेवर घातला जाई, त्यातूनच ताज्या जिवंत पेशी बाटलीत शिरत असाव्यात. तसे असेल, तर चौतीस वर्षे ज्या कामगाराची हजेरी लागली तो कधीच गेलेला होता, आणि त्याच्या जागी बदली माणसे काम करीत होती!

रस, रक्तद्रव, गोठलेली लसिका यांऐवजी ज्याचा प्रत्येक घटक माहीत आहे असा शिधा बनवावा, ही धडपड पुढे सुरू झाली. टोरांटोत मॉर्गन, मॉर्टन आणि पार्कर यांनी 1950 साली एक मिश्रण प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘माध्यम 199’. त्यात साठाहून अधिक पदार्थ, आणि नाव असे की ते एकशेनव्याण्णवावे मिश्रण होते. आधीची एकशेअठ्ठ्याण्णव कोणाच्या तरी हातांनी तोलली, ढवळली आणि गाळली, हे त्या नावात नकळत नोंदले गेले आहे. पोलिओची लस मोठ्या प्रमाणावर निघू शकली ती या मिश्रणामुळे.

1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी बाटलीत वाढू लागल्या आणि थांबेनात. बाईंना कोणी विचारले नव्हते; त्या त्याच वर्षी वारल्या. त्यांच्या पेशींवर धंदा करणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी त्यांच्या वारसांची तडजोड झाली ती 2023 साली. इतकी लांबलेली तारीख आमच्या औद्योगिक न्यायालयांतही विरळा.

याच पेशी आणि उंदराच्या काही पेशी घेऊन हॅरी ईगल यांनी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत तो प्रश्न सरळ विचारला: किमान काय लागते? त्यांची रीत साधी होती. शिध्यातून एकेक वस्तू काढून घ्यावयाची आणि पेशी मरते का पाहावयाचे. 1955 साली उत्तर मिळाले: अमिनो आम्ले तेरा, जीवनसत्त्वे सात-आठ, ग्लुकोज आणि क्षार. प्रौढ माणसाला अन्नातून आठच अमिनो आम्ले अवश्य लागतात असे तेव्हा ठरले होते. मग पेशीला तेरा का? कारण शरीरातील पेशी शेजाऱ्यांच्या आधाराने जगते. बाटलीत शेजारी नसतात. 1959 साली ईगल यांनी सुधारलेला शिधा ‘किमान आवश्यक माध्यम’ या नावाने छापला. मात्र त्यातही शेकडा पाच-दहा भाग सीरम घालावेच लागे. न लिहिलेली वस्तू अजून गेली नव्हती.

ईगल आणि त्यांचे सहकारी पीझ यांनी 1962 साली आणखी एक गोष्ट दाखविली, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. काही अमिनो आम्ले पेशी स्वतः बनवू शकते, म्हणून ती शिध्यात लागत नाहीत. पण बाटलीत पेशी विरळ असतील, तर तीच आम्ले बाहेरून द्यावी लागतात. कारण पेशी जे बनविते त्यातले पुष्कळ बाहेर झिरपते. दाटी असली म्हणजे सर्वांचे झिरपलेले मिळून पाण्यात पुरेसे साठते आणि प्रत्येकीला परत मिळते. एकटीचे झिरपलेले वाहून जाते आणि ती मरते. म्हणजे किमान गरज किती, हे सोबत किती जणी आहेत यावर अवलंबून! संघटनेच्या माणसाने यावर अधिक बोलू नये. लोक म्हणतील, याला सगळीकडे युनियनच दिसते.

आता ज्या पेशीवर आजचा धंदा उभा आहे तिच्याकडे वळू. 1957 साली डेन्व्हरमध्ये थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टर या छोट्या कुरतड्या प्राण्याच्या मादीच्या बीजकोशातून पेशी काढल्या. हिची खोड अशी की प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल हिला स्वतः करता येत नाही, ते द्यावेच लागते. 1965 साली रिचर्ड हॅम यांनी कोलोरॅडोत हिच्यासाठी सीरमवाचून चालेल असा शिधा तयार केला. तरी कारखान्यांनी सीरम काही सोडले नाही. ते घातले की डोके चालवावे लागत नाही.

नेमके एकच प्रतिपिंड बनविण्याची युक्ती 1975 साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी काढली. प्रतिपिंड बनविणारी पण अल्पायुषी पेशी, आणि काम न करणारी पण अमर असलेली कर्करोगी पेशी, या दोघींचा त्यांनी संकर केला. संकरित तेवढ्या निवडावयाच्या कशा? येथे शिधाच चाळणी झाला. त्यात घातलेल्या अमिनोप्टेरिनमुळे कर्करोगी पेशी मरते. अल्पायुषी आपोआप मरते. दोघींचे गुण घेतलेली तेवढी जगते. हे अमिनोप्टेरिन अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालेले होते. मिलस्टाइन यांच्या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. 1984 साली त्या दोघांना नोबेल मिळाले. बाजार इतरांनी गाजविला.

या पेशी दर लिटरमागे सुरुवातीस काही दशक मिलिग्रॅम प्रतिपिंड देत. कर्करोगाच्या काही औषधांची एक मात्रा अर्ध्या-पाऊण ग्रॅमची असते. लिटरला 50 मिलिग्रॅम निघाले, तर एका ग्रॅमसाठी 20 लिटर टाकी हवी, आणि शुद्धीकरणातली घट वेगळी. 2004 साली उत्तम कारखान्यांत लिटरला सुमारे पाच ग्रॅमपर्यंत मजल गेली होती; म्हणजे तोच ग्रॅम पावशेर द्रवात. पेशीची जात सुधारली हे एक कारण. पण शिधा आणि तो वाढण्याची रीत सुधारली हे त्याहून लहान कारण नव्हे.

जास्त वाढले म्हणजे जास्त काम, असा हा मामला नाही. ग्लुकोज भरपूर दिले तर पेशी ते अर्धवट जाळते आणि लॅक्टिक आम्ल करून टाकते. ग्लुटामिन जास्त झाले तर अमोनिया साचतो. आणि आपल्याच सांडपाण्यात पेशी गुदमरते. उलट एखादी वस्तू कमी पडली तर आणखी वाईट. प्रतिपिंड म्हणजे सुमारे तेराशे अमिनो आम्लांची गुंफण. त्यातले ॲस्परॅजिन संपले तर पेशी काही ठिकाणी त्याच्या जागी सेरिन ओवते. टायरोसिन संपले तर फेनिलॲलानिन. माळ पुरी होते, पण मणी चुकीचा. टायरोसिन तर पाण्यात नीट विरघळतही नाही, त्यामुळे तेच आधी तुटते.

सीरम मात्र भीतीने गेले. गायींचा मेंदू सडविणारा रोग इंग्लंडमध्ये 1986 साली ओळखला गेला. तो माणसांतही उतरला असावा हे सरकारने 1996 साली कबूल केले. गर्भातल्या वासराच्या रक्तापासून काढलेले सीरम औषधाच्या टाकीत नको, असा आग्रह वाढला. सीरम गेले आणि त्याबरोबर त्याच्या आत दडलेली सगळी मदत गेली. आता पन्नासेक पदार्थांचा शिधा स्वतः जुळविणे आले.

येथे गणित येते. पन्नास पदार्थ आणि प्रत्येकाची कमी, मध्यम, जास्त अशी तीनच मापे धरली, तरी मिश्रणे होतात सुमारे 7 वर 23 शून्ये इतकी. एकेक वस्तू बदलून पाहण्याची ईगलची रीत तिथे थकते, आणि फसवतेही. आमटीत मीठ किती हे चिंच किती यावर ठरते. यावरचा मार्ग शेतात सापडला होता. इंग्लंडच्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 नंतरच्या दशकात दाखविले की खत, बियाणे, पाणी हे सर्व एकदम, पण ठरलेल्या रचनेने बदलावे. प्रत्येकाचा परिणाम मागाहून हिशेबाने वेगळा काढता येतो. 1946 साली प्लॅकेट आणि बर्मन यांनी बारा प्रयोगांत अकरा घटक तपासण्याची रचना दिली. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेतले सी. आर. राव यांनी 1947 साली अशाच रचनांचा पाया अधिक विस्तृत केला. पेशीच्या शिध्याचे कारखानदारी काम पुष्कळ अंशी याच रचनांवर चालते.

ही रचना कोणते मिश्रण चांगले ते सांगते, का चांगले ते सांगत नाही. ‘का’चे गणित निराळ्या घरातून आले, आणि ते घर आमच्या ओळखीचे आहे. 1945 साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी विचारले की एका माणसाला नऊ पोषक घटक पुरे पडतील असा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार कोणता. त्यांनी 77 खाद्यवस्तूंची यादी घेतली आणि 1939 च्या भावाने उत्तर काढले: 39 डॉलर 93 सेंट. आहार काय, तर गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेला घेवडा. बारा महिने तेवढेच! हा आहार कोणी कोणाला सुचवीत नाही, हे स्टिग्लर यांनी स्वतःच बजावले. 1947 साली डँट्झिग यांनी अशा प्रश्नांची पक्की गणिती रीत शोधली आणि तिची पहिली मोठी कसोटी म्हणून हाच आहार घेतला गेला. नऊ कारकून हातयंत्रांवर बसले, 120 माणूस-दिवस खपले, आणि उत्तर निघाले 39 डॉलर 69 सेंट. चोवीस सेंटांची बचत.

हेच गणित पुढे पेशीला लावले गेले. पेशीत ग्लुकोज शिरते, फुटते, त्याचे तुकडे इकडे ऊर्जेला, तिकडे प्रथिनाला जातात. प्रत्येक टप्प्यावर जमा तितकाच खर्च, ही खतावणी जुळली पाहिजे. 1992 साली सॅव्हिनेल आणि पॉलसन यांनी संकरित, प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशीचा असा जमाखर्च मांडला. हॅमस्टर-पेशीचा जनुकसंच 2011 साली वाचला गेला, आणि 2016 साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तिची 1766 जनुकांची गणिती प्रतिकृती प्रसिद्ध केली. तिच्यात हजारो रासायनिक क्रियांची नोंद आहे. कोणते अमिनो आम्ल कोणत्या दिवशी तुटेल, ग्लुकोज किती कमी केले तर लॅक्टिक आम्ल थांबेल, हे आधी कागदावर काढून मगच टाकीला हात लावावयाचा.

पण या गणितालाही आधी सांगावे लागते की साधावयाचे काय. स्टिग्लरने सांगितले ‘स्वस्त’, म्हणून घेवडा आला. जंतूंच्या बाबतीत ‘वाढ’ हे उद्दिष्ट धरून पुष्कळदा बरोबर उत्तर येते. हॅमस्टर-पेशी मात्र वाढ थांबल्यावरही प्रतिपिंड करीत राहते, आणि तेच मालकाला हवे असते. तिच्यापाशी कोणते उद्दिष्ट धरावे यावर शास्त्रज्ञांत आजही एकवाक्यता नाही. शिवाय या जमाखर्चाला टायरोसिन विरघळत नाही हे कळत नाही. ते भुकटी ढवळणाऱ्याला कळते. म्हणून शहाणे लोक संगणकाचे उत्तर घेतात आणि पुन्हा छोट्या बाटल्या मांडतात.

आणखी एक अडचण आहे आणि ती निसर्गाने घातलेली नाही. आज कारखान्यांत चालणारे बहुतेक शिधे व्यापारी गुपिते आहेत. पोत्यावर नाव असते, घटक नसतात. जमाखर्च मांडावयाचा तर आरंभीची शिल्लक माहीत हवी. तेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांना विकत घेतलेल्या भुकटीचेच पृथक्करण करीत बसावे लागते. लंडनच्या नळातले कॅल्शियम अजाणता आले होते. येथे जाणूनबुजून झाकलेले आहे. आणि हे झाकून औषध महाग राहते ते शिध्याच्या खर्चामुळे, असेही म्हणता येत नाही. मोठ्या कारखान्यात शुद्ध प्रतिपिंडाच्या एका ग्रॅमचा उत्पादनखर्च शंभर डॉलरच्या आतबाहेर असल्याचे अंदाज पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच छापून आले आहेत; विक्रीची किंमत हजारांत असते. वेतनवाढीची गोष्ट निघाली की उत्पादनखर्च सांगणाऱ्यांनी हा आकडाही सांगावा.

खर्च आणि उत्पादन यांचा मेळ बसला की काय होते याचे उदाहरण पुण्यातच आहे. कुत्रे खोल चावले तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडे टोचावी लागतात. ती पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळत, आणि ती पुरेशी मिळत नसत. 2017 सालापासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांबरोबर विकसित केलेले एकजातीय प्रतिपिंड बाजारात आणले. ते याच हॅमस्टर-पेशींपासून बनते. घोड्याचा तबेला गेला, टाकी आली.

ईगलचा 1959 चा शिधा मात्र आजही त्याच नावाने विकला जातो. त्याच्या यादीत तेरा अमिनो आम्ले, आठ जीवनसत्त्वे, क्षार आणि ग्लुकोज, प्रत्येकापुढे लिटरला किती मिलिग्रॅम ते छापलेले असते. त्या आठांतली तीन, थायामिन, रायबोफ्लेविन आणि निकोटिनिक आम्लाचा प्रकार, स्टिग्लरच्या नऊ घटकांतही होती.